गावतळ्यातील मरळ संपवावी की राहू द्यावी?

तुळशीकाठ (करवीर) – प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या तळ्याविषयी येत्या महिन्यात एक निर्णय व्हायचा आहे आणि तो घाईने होऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून प्रश्न थोडा सविस्तर मांडतो.

तळे साधारण दोन हेक्टरांचे असून उन्हाळ्यात त्यात सरासरी दीड मीटर पाणी उरते. गावातील मच्छीमार सहकारी संस्था ते ठेक्याने घेते आणि दर पावसाळ्यात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडते. मरळ, म्हणजे इतर मासे खाणारा मासा, या तळ्यात पूर्वीही होती, परंतु जुलै 2021 च्या महापुरात नदीचे पाणी ओढ्यातून उलटे चढून तळ्यात शिरले आणि तेव्हापासून तिची संख्या वाढली, असे बहुतेकांचे मत आहे. गेल्या हंगामात जाळे ओढले तेव्हा कटला अपेक्षेच्या निम्म्यानेही निघाला नाही. मरळी मात्र एक ते दीड किलोच्या, अंगाने भरलेल्या निघाल्या. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस, आठ दिवस आभाळ झाकलेले असताना, एका सकाळी बरेच कटले मरून काठाला लागले होते. या दोन्ही गोष्टींचा ठपका मरळीवर ठेवून, मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा माशांना विषारी ठरणारी मोहाची पेंड टाकून तळे पूर्ण साफ करावे, असा ठराव संस्थेच्या बैठकीत मांडला गेला आहे.

मी संस्थेचा सभासद आहे, पण माशांचा अभ्यासक नाही. माझ्या आजोबांच्या काळी याच तळ्यात मरळ, वांब, शिंगाळा आणि कितीतरी लहान जातींचे मासे एकत्र नांदत होते आणि तळ्याला कोणी वाईट म्हणत नव्हते, एवढेच मला ठाऊक आहे. मरळ तळ्यात नेमके काय करते? ती नाहीशी झाली तर पाण्यावर आणि इतर जिवांवर काय परिणाम होतो? संस्थेचे नुकसान खरे आहे आणि ते मला नाकारायचे नाही. परंतु त्यासाठी ती समूळ काढणे आवश्यक आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

जीवनिरीक्षक (कोल्हापूर)

नमस्कार. मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि मरळ हा माझ्या विशेष आस्थेचा मासा आहे, म्हणून उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या प्रश्नातील एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मेलेले कटले काठाला लागले होते. मरळ भक्ष्याचे तुकडे करीत नाही. तोंडात मावेल असा मासा ती सबंध गिळते. तिने खाल्लेला मासा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. जे मासे अखंड तरंगत आले ते मरळीने मारलेले नव्हते, हे मी तळे न पाहताही सांगू शकतो. आठ दिवस ढगाळ हवा, ऑगस्टचे खत-मातीने भरलेले पाणी आणि पहाटेची वेळ हे सगळे एकत्र आले की विरघळलेल्या प्राणवायूची टंचाई हे कारण सर्वांत संभाव्य ठरते. दिवसा हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते आणि रात्री तेच शेवाळ, तळाचा गाळ व मासे मिळून तो वापरतात. ऊन पडले नाही तर दिवसाची भर अपुरी पडते आणि सूर्योदयाच्या आधी साठा तळाला जातो. या टंचाईचा फटका कटल्याला लवकर बसतो. तो आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो आणि मग मरतो.

मरळ मात्र अशा पहाटे मरत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेल्या दोन पोकळ्या असतात आणि त्यांच्या साहाय्याने ती हवेतील प्राणवायू थेट घेते. केवळ घेऊ शकते असे नव्हे, तर तिला तो घ्यावाच लागतो. पाण्याखाली अडकवून ठेवली तर मोठी मरळ गुदमरून मरते. म्हणूनच ती चिखलात तग धरते, ओल्या गवतातून सरपटत एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाते आणि बाजारात थोड्याशा पाण्यात दिवसभर जिवंत राहते. आपल्या तळ्यात कटला मेला आणि मरळ उरली, आणि जी उरली तिच्यावर दोष आला, असे मला दिसते. तिने बीज खाल्ले नाही असे मी म्हणत नाही. ते तिने नक्कीच खाल्ले असणार. पण दोन वेगवेगळी नुकसाने एकाच खात्यावर मांडली गेली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे मरळ या एका नावाखाली दोन मोठ्या जाती येतात. एकीच्या अंगावर तिरके पट्टे असतात. ती बहुधा एक-दोन फुटांची मिळते आणि भातखाचरे, तळी व ओढे यांत सर्वत्र आढळते. दुसरीच्या शेपटीच्या बुंध्याशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो, ती मीटरभराहून अधिक वाढू शकते आणि नदीचे डोह व मोठे जलाशय तिला मानवतात. याशिवाय ओढ्यातली वीतभर लांबीची डोक ही त्यांचीच लहान बहीण. तिच्यातील नर अंडी आणि नुकतीच फुटलेली पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळतो. आपल्या तळ्यात एक-दीड किलोच्या मिळाल्या, यावरून त्या तिरक्या पट्ट्यांच्या असाव्यात.

ही मरळ पाठलाग करून शिकार करणारी नाही. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडलेल्या फांदीखाली किंवा केंदाळाच्या (जलपर्णीच्या) सावलीत ती दबा धरून बसते आणि आवाक्यात आलेल्या भक्ष्यावर एकाच झेपेत तुटून पडते. पिल्ले सुरुवातीला प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातात, मग कीटकांच्या अळ्या; वाढलेली मरळ मासे, बेडूक, बेडकांची पिल्ले, झिंगे आणि मोठे पाणकिडे खाते, आणि स्वतःच्याच जातीची लहान पिल्लेही सोडत नाही. ही शेवटची सवय क्रूर वाटते, परंतु तळ्यात मरळींची संख्या अमर्याद न वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे. भक्ष्य कमी झाले की त्या एकमेकींना कमी करतात.

अशा भक्षकाचे तळ्यातील काम दोन-तीन प्रकारे दिसते. आजारी, जखमी आणि मंदावलेला मासा सर्वांत आधी तिच्या तोंडी जातो, त्यामुळे कुजणारे आणि रोग पसरवणारे शरीर पाण्यात कमी राहते. भराभर वाढणाऱ्या लहान माशांवर तिचा वचक असतो. येथे मी विशेषकरून चिलापीचे नाव घेईन. आफ्रिकेतील हा मासा भारतात 1952 मध्ये आणला गेला. तो वर्षातून अनेकदा वितो, मादी पिल्ले तोंडात जपते, आणि थोड्याच काळात तळे बोटाएवढ्या, कधीच न वाढणाऱ्या चिलापींनी भरून जाते. त्या कटला-रोहूच्या खाद्यात वाटेकरी होतात. चिलापीची पिल्ले खाणारा मासा म्हणून मरळ मुद्दाम चिलापीच्या तळ्यात सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपल्या तळ्यात चिलापी आहे का, हे अवश्य पाहावे. असेल तर मरळ काढल्यानंतरच्या वर्षी तिची खरी संख्या डोळ्यांपुढे येईल.

आणि मरळ ही केवळ खाणारी नाही, ती खाल्लीही जाते. तिची पिल्ले पृष्ठभागावर थव्याने फिरतात, म्हणून खंड्या, बगळे आणि पाणकावळे यांना ती सहज मिळतात. मोठी मरळ पाणमांजराचे आणि कृष्णेच्या पात्रात मगरीचेही भक्ष्य होते. अन्नजाळ्यातील मधला भक्षक काढला की त्याच्या खाली आणि वर अशा दोन्ही बाजूंनी धागे सुटतात.

मोहाच्या पेंडीविषयी एक हिशेब. तिची शिफारस केलेली मात्रा एक मीटर खोलीसाठी हेक्टरी सुमारे 2500 किलो आहे. आपले तळे दोन हेक्टर आणि दीड मीटर, म्हणजे साडेसात टन पेंड लागेल. त्यातील सॅपोनिन माशांच्या रक्तातील लाल पेशी फोडते आणि ते मरळ निवडून मारत नाही; आजोबांच्या काळापासून उरलेले जे काही लहान देशी मासे तळ्यात असतील तेही त्याच दिवशी जातील. विषाचा परिणाम दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि पेंडीचे खत होते, हे खरे आहे. परंतु आपले तळे ओढ्याला जोडलेले आहे. पहिल्या मोठ्या पावसात मरळ पुन्हा आत येईल, आणि लहान देशी जाती परत येतीलच असे सांगता येत नाही.

शिरोळचा शेततळेवाला

सरांचे उत्तर मी दोनदा वाचले. त्यातील शास्त्र मला मान्य आहे, पण मत्स्यशेती करणाऱ्याची बाजूही येथे नोंदली जावी असे वाटते.

माझे दहा गुंठ्यांचे शेततळे आहे. त्यात प्लॅस्टिकचे अस्तर आहे, बाहेरचे पाणी येत नाही, आणि तरीही दुसऱ्या वर्षी त्यात मरळ निघाली. शोध घेतला तेव्हा कळले की ओढ्यातून पाणी घेताना पंपाच्या नळीला बारीक जाळी लावलेली नव्हती. पिल्ले पाण्याबरोबर आत आली. मी 2,000 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली होती आणि काढणीच्या वेळी त्यातील चौथा हिस्साही हाती लागला नाही. पाच मरळी मिळाल्या. कर्ज काढून तळे बांधलेल्या माणसाला अन्नजाळ्याचे महत्त्व समजते, परंतु बँकेचा हप्ता त्या पाच मरळींतून फिटत नाही. बीज वाढवण्याच्या तळ्यात किंवा शेततळ्यात एकही मरळ राहू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असे तळे आटवावे, तळ उन्हात तडकेपर्यंत वाळू द्यावा आणि येणारे प्रत्येक पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यावे. अस्तराच्या तळ्यात तर पेंडीचीही गरज पडत नाही.

मात्र गावतळे म्हणजे शेततळे नव्हे, हेही तितकेच खरे. त्यात गुरे पाणी पितात, बायका कपडे धुतात, पक्षी येतात आणि ओढा येऊन मिळतो. तेथे शेततळ्याचा नियम लावणे मला योग्य वाटत नाही. तुळशीकाठ यांना मी एकच प्रश्न विचारतो: संस्था बीज कोणत्या आकाराचे सोडते? जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, सोडता, की बोटुकली? भक्षक असलेल्या पाण्यात नखाएवढे बीज सोडणे म्हणजे मरळीला खाद्य घालणे होय. दहा सेंटिमीटरच्या पुढची बोटुकली सोडली तर सगळी वाचत नाही, कारण दीड किलोची मरळ तेवढा मासाही गिळू शकते. पण कटला झपाट्याने वाढतो आणि दोन-तीन महिन्यांत तिच्या तोंडाच्या मापाबाहेर जातो. मोठी बोटुकली महाग पडते, ही संस्थांची नेहमीची तक्रार आहे. साडेसात टन पेंडीचा आणि तिच्या वाहतुकीचा खर्च काढा आणि त्याच पैशात किती मोठी बोटुकली येते ते बैठकीत मांडा.

पंचगंगेचा भोई

राम राम. आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी चालत आली आहे आणि माझे बालपण प्रयाग चिखलीच्या संगमापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंतच्या पाण्यात गेले. पुस्तकातील नावे मला सांगता येणार नाहीत, पण मरळीचे वागणे मी जवळून पाहिले आहे आणि येथे अजून कोणी तिच्या पिल्लांविषयी सविस्तर बोललेले नाही, म्हणून लिहितो.

वळवाचे पाऊस होऊन मृग लागला की मरळीची जोडी काठाजवळच्या उथळ पाण्यात जागा धरते. गवत आणि पाणवनस्पती तोंडाने बाजूला सारून ताटाएवढी मोकळी जागा करतात आणि तेथे अंडी सोडतात. ती पिवळसर, साबुदाण्यापेक्षा लहान असतात आणि तळाशी न जाता वर तरंगतात. दीड-दोन दिवसांत पिल्ले फुटतात. थोडी मोठी झाली की ती तांबूस-केशरी रंगाची होतात आणि शेकड्यांनी एकत्र फिरतात. लांबून पाहिले तर पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा एक पुंजका हलताना दिसतो. तो पुंजका मध्येच खाली जातो आणि पुन्हा वर येतो, कारण पिल्लांना हवा घ्यावी लागते. त्याच्या बरोबर खाली आई-बाप असतात. बेडूक जवळ आला, साप आला, अगदी माणसाने पाय घातला तरी ते अंगावर येतात. माझ्या वडिलांच्या पोटरीला एकदा मरळीने असा चावा घेतला होता की रक्त आले.

आणि नेमक्या याच वेळी लोक तिला मारतात. पुंजका दिसला की त्यावर गळ फिरवायचा. राखण करणारी मरळ भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी गळावर तुटून पडते. हातात एक मोठा मासा येतो आणि त्याच दिवशी मागे राहिलेली सगळी पिल्ले बेडूक, पक्षी आणि इतर मासे फस्त करतात. माझे वडील जाळ्याचा धंदा करणारे होते, दयेपोटी मासा सोडणारे नव्हते, तरीही पुंजक्याखालची मरळ त्यांनी कधी धरली नाही आणि आम्हालाही धरू दिली नाही. हल्ली सुट्टीच्या दिवशी हौसेने गळ घेऊन येणाऱ्यांना हे सांगणारे कोणी नाही. चढणीचे मासे धरण्याची जी झुंबड पहिल्या पावसात ओढ्यांवर उडते, तीही तशीच. पोटात गाबोळी घेऊन वर निघालेला मासा वाटेतच संपतो.

तुळशीकाठ यांच्या गावात मरळ खरोखर जास्त झाली असेल तर ती पेंडीशिवाय कमी करता येते. दिवाळीनंतर, पिल्लांची राखण पूर्ण संपल्यावर, रात्री जिवंत बेडूक किंवा लहान मासा लावून काठाने गळ टाकून ठेवावेत आणि पहाटे उचलावेत. मोठ्या मरळी त्यात मिळतात. चार-सहा आठवडे नेमाने केले तर तळे रिकामे न होता मोठ्यांची संख्या कमी होते, आणि मरळीला बाजारात कटल्यापेक्षा चांगला दर मिळतो. काटे कमी, चव उत्तम आणि आजारातून उठलेल्या माणसाला देण्यासाठी लोक शोधत येतात. संस्था जिला शत्रू म्हणते तिची विक्री जमेच्या बाजूला का मांडत नाही, हे मला समजत नाही.

एक जुनी गोष्टही सांगतो. मी शाळेत असताना एका हिवाळ्यात मरळींच्या अंगावर लाल, खोल जखमा दिसू लागल्या. मांस कुजून काटा दिसत असे. बाजारात मासळी घ्यायला कोणी तयार होईना आणि आमच्या घरात दोन महिने चूल कशी पेटली ते आईलाच ठाऊक. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या पट्ट्यात मोठी मरळ क्वचितच दिसली, आणि त्या काळात कटल्याचे उत्पन्न वाढले असे मात्र आम्हाला कधी आढळले नाही.

जीवनिरीक्षक

भोईदादांनी सांगितलेल्या आजाराबद्दल थोडे. हा व्रणांचा साथीचा रोग 1988 मध्ये पूर्वेकडून भारतात आला आणि नंतर देशभर पसरला. तो पाण्यात राहणाऱ्या एका बुरशीसदृश जीवामुळे होतो, थंडीत बळावतो आणि मरळ त्याला सर्वांत आधी बळी पडणाऱ्या माशांपैकी एक आहे. जखमी मरळ दिसली तर तळ्यात चुना टाकणे हा प्राथमिक उपाय आहे. तळ्यातील मरळीच्या अंगाकडे हिवाळ्यात लक्ष ठेवावे, असे मी संस्थेला सुचवीन. तेथे जखम दिसली तर ती पुढे इतर माशांवर येऊ शकणाऱ्या संकटाची पहिली खूण ठरते.

पिल्लांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते मी वर्गात शिकवत होतो, पण इतक्या स्पष्टपणे मला कधी सांगता आले नाही.

कळंब्याचा वाचक

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण याच विषयाचा आहे. मरळ ही अत्यंत विनाशकारी असून अमेरिकेत तिच्यावर बंदी आहे आणि दिसताच मारून टाकण्याचे आदेश आहेत, असे सांगणारी चित्रफीत आमच्या गटात फिरत आहे. तसे असेल तर आपल्या तळ्यात ती का राहू द्यावी?

जीवनिरीक्षक

चित्रफितीतील घटना खरी आहे, परंतु ती येथे लागू होत नाही. 2002 मध्ये मेरीलँड राज्यातील क्रॉफ्टन गावच्या एका लहान तळ्यात मरळीच्या कुळातील चिनी जात सापडली. कोणीतरी जिवंत मासे आणून सोडले होते. ते तळे विष घालून निर्जीव करण्यात आले आणि त्याच वर्षी त्या देशाने या कुळातील जिवंत माशांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे ती जात पोटोमॅक नदीत आढळलीच. तेथील माशांना, बेडकांना आणि पाणपक्ष्यांना या भक्षकाची पूर्वओळख नव्हती, म्हणून तो तेथे उपरा ठरतो. आपल्या नद्यांतील प्रत्येक देशी मासा मरळीच्या सहवासात हजारो वर्षे वाढला आहे. तिच्यापासून लपणे, पळणे आणि तिच्या पिल्लांवर जगणे हे सर्व त्याच्या स्वभावात मुरले आहे.

आपल्याकडे त्या भूमिकेत बसणारा मासा आहे तो आफ्रिकन मागूर. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरतो. तोही हवेत श्वास घेतो आणि तोंडात येईल ते खातो. तळ्यात मिशांचा, सपाट डोक्याचा, काळपट आणि झपाट्याने वाढणारा असा मासा मिळाला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नये.

तुळशीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टी मी दोन दिवसांत संस्थेच्या वहीत आणि प्रत्यक्ष तळ्यावर तपासल्या.

पहिली गोष्ट, बीज. गेली तीन वर्षे आम्ही जिरेच सोडत आलो आहोत, कारण ते स्वस्त पडते. त्याआधी बोटुकली सोडत होतो आणि उत्पादनातील घट नेमकी त्या बदलापासून वहीत दिसते. महापूर आणि हा बदल एकाच सुमारास झाला, म्हणून सर्वांनी पुराकडे बोट दाखवले. दुसरी गोष्ट, चिलापी. घरच्या लहान जाळ्याने काठावर तीन वेळा ओढून पाहिले. प्रत्येक वेळी बोटाएवढ्या चिलापी निघाल्या. तिसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करणारी आहे. गावातील नव्या वस्तीचे सांडपाणी दोन वर्षांपासून तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात उतरते आणि त्याच कोपऱ्यात केंदाळ वाढले आहे. मेलेले कटले त्या बाजूलाच जास्त होते, हे आता आठवते.

यावरून एक शंका. मरळ लहान मासे खाते, लहान मासे प्राणिप्लवक खातात आणि प्राणिप्लवक शेवाळ खाते. मग मरळ राखली तर पाणी हिरवे होण्याचे थांबेल, असे मी बैठकीत सांगू शकतो का?

जीवनिरीक्षक

तसे सांगू नये. आपली साखळी तर्काने बरोबर आहे आणि थंड प्रदेशातील काही तलावांत भक्षक मासे वाढवून पाणी स्वच्छ झाल्याची उदाहरणेही आहेत. परंतु आपल्या उष्ण प्रदेशातील तळ्यांत बरेच मासे मिश्राहारी असतात, चिलापी तर शेवाळही खाते आणि गाळही ढवळते, त्यामुळे हा परिणाम तितका सरळ उतरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळ्यात नत्र आणि स्फुरद बाहेरून सतत येत असेल तर कोणताही मासा त्याला पुरा पडत नाही. रंकाळ्याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या पाण्याची दुर्दशा सांडपाण्याने झाली. माशांच्या कमी-जास्त संख्येने नव्हे. मरळीच्या बाजूने बोलताना तिच्यावर न पेलणारे काम सोपवले, तर पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा कटले मेले की दोष तिच्याकडेच परत येईल.

आपण पूर्वेचा कोपरा ओळखला आहे, तेथून सुरुवात करावी. सांडपाणी तळ्यात येण्याआधी शोषखड्ड्यात किंवा पाणवनस्पतींच्या चरात वळवता येईल का, हे ग्रामपंचायतीला विचारावे. केंदाळ हाताने काढावे, पण कडेची देशी पाणवनस्पती ठेवावी, कारण मरळीसह बहुतेक देशी मासे तेथेच वितात. ढगाळ आठवडा आला की खत आणि खाद्य टाकणे थांबवावे, आणि पहाटे कटले वर तोंड काढताना दिसले तर पंपाने तळ्याचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. एवढ्यानेही पुष्कळ मासे वाचतात.

शिरोळचा शेततळेवाला

पंप माझ्याकडे आहे, पाच अश्वशक्तीचा. ऑगस्टमध्ये लागला तर कळवा. शिरोळहून आणायला दीड-दोन तास लागतील, म्हणून आभाळ भरल्यावर आदल्या रात्रीच सांगा. बोटुकली घेताना पिशवी उन्हात उघडू नका आणि तळ्याच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्या, नाहीतर मोठी बोटुकलीही पाण्याच्या तापमानातील फरकाने मरेल आणि पुन्हा मरळीचे नाव निघेल.

तुळशीकाठ

काल रात्री बैठक झाली. पेंडीचा ठराव रद्द झाला असे म्हणता येणार नाही. तो एक वर्ष पुढे ढकलला आहे. यंदा जिऱ्यांऐवजी बोटुकली घ्यायची, संख्या निम्मी ठेवायची, आणि दिवाळीनंतर मोठ्या मरळी गळाने काढून त्यांची विक्री वेगळ्या पानावर लिहायची, एवढे मान्य झाले. सांडपाण्याचा अर्ज ग्रामपंचायतीला दिला आहे. दोन ज्येष्ठ सभासद अजूनही नाराज आहेत आणि त्यांची नाराजी मी समजू शकतो, कारण गेल्या वर्षीचा तोटा त्यांच्या खिशातून गेला आहे.

भोईदादा, एक विनंती. मृग लागल्यावर पिल्लांचा पुंजका ओळखायला आमच्या तरुण मुलांना शिकवाल का? त्यांच्यापैकी कोणीच तो पाहिलेला नाही.

पंचगंगेचा भोई

अवश्य येईन. पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांनी फोन करा. सकाळी वारा पडलेला असताना पाणी स्थिर असते, तेव्हा पुंजका चटकन दिसतो. जेथे दिसेल तेथून चार हात लांब बांबूची काठी रोवून तिला लाल फडके बांधू, म्हणजे महिना-दीड महिना त्या बाजूला कोणी गळ टाकणार नाही आणि गुरेही तेथून पाण्यात उतरणार नाहीत. मुलांना चपला काढून, पाय न वाजवता यायला सांगा.